गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? आधी किलोमीटर मोजा, किंमत शेवटी बघा

नवी गाडी घेताना हा प्रश्न नेमका शेवटच्या पाच मिनिटांत समोर येतो. गाडीची किंमत ठरलेली असते, कर्ज मंजूर झालेलं असतं, घरचे चावीकडे डोळे लावून बसलेले असतात आणि टेबलापलीकडून विचारणा होते, "एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना?" म्हणजे गाडीसोबत मिळणारी मूळ वॉरंटी संपल्यावर पुढे चालणारी, वेगळे पैसे भरून घ्यायची वाढीव वॉरंटी. गाडीच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ वाटते, म्हणून काही जण हो म्हणतात. शोरूमवाले उगाच पैसे काढतात असं वाटून काही जण नाही म्हणतात. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, पण दोन्ही काहीही न बघता दिलेली असतात.

ओळखीतले लोक असे करार घेऊन माझ्याकडे येतात. जवळपास प्रत्येकाला किंमत तोंडपाठ असते. करार मात्र वाचलेला नसतो आणि आपण वर्षाला किती किलोमीटर गाडी चालवतो हेही नीट माहीत नसतं. चूक इथेच होते. आधी किलोमीटर, मग गाडी, मग करार आणि सगळ्यात शेवटी किंमत, या क्रमाने गेलात तर उत्तर बहुतेक वेळा आपोआप समोर येतं.

## तयारी: एक संध्याकाळ आणि काही कागद

टेबलावर हे सगळं एकत्र घेऊन बसा:

- गाडीसोबत मिळणारी मूळ वॉरंटीची पुस्तिका
- एक्स्टेंडेड वॉरंटीचा पूर्ण करार, सगळ्या अटींसह
- गाडीच्या विम्याची पॉलिसी
- आधीच्या गाडीचं मीटर आणि ती किती वर्षं वापरली याचा हिशेब
- गाडी जुनी असेल तर आजवरच्या सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या

विम्याची पॉलिसी कशाला, असं वाटेल. अपघात, चोरी, आग, पूर हा विम्याचा प्रांत. चालता चालता एखादा भाग आतल्या दोषामुळे निकामी झाला तर तो वॉरंटीचा. घासून झिजला तर तो तुमचा. साचलेल्या पाण्यातून गाडी घातली, इंजिनात पाणी शिरलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर वॉरंटीवाले हात वर करतात आणि ते नियमाला धरूनच असतं. त्यासाठी विमा बघायचा. या तीन खात्यांची गल्लत झाली की माणूस नको त्या गोष्टीचे पैसे दोनदा भरतो आणि हवी ती गोष्ट उघडी राहते.

खबरदारी: माहितीपत्रक म्हणजे करार नव्हे. पत्रकावर "संपूर्ण संरक्षण" असं ठळक छापलेलं असतं, पण दावा तपासणारा माणूस ते पत्रक उघडून बघत नाही. "करार पैसे भरल्यावर मेलवर येईल" असं सांगितलं गेलं, तर तो हातात येईपर्यंत पैसे भरू नका.

## पायरी १: तुम्ही गाडी किती चालवणार, किती वर्षं ठेवणार?

जवळपास सगळ्या वॉरंट्यांना दोन कुंपणं असतात, वर्षं आणि किलोमीटर. यातलं जे आधी ओलांडाल तिथे वॉरंटी संपते. विक्रेता वर्षं सांगतो. तुम्ही किलोमीटर विचारा.

एक उदाहरण मांडतो. मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा ६०,००० किलोमीटर. वाढीव वॉरंटी आणखी २ वर्षं, पण एकूण १,००,००० किलोमीटरपर्यंत. तुम्ही वर्षाला २५,००० किलोमीटर चालवता.

मूळ वॉरंटी ६०,००० ला, म्हणजे साधारण २९ महिन्यांत संपली. वाढीव वॉरंटी १,००,००० ला, म्हणजे ४८ महिन्यांत. पैसे भरताना मनात "५ वर्षं" होती, प्रत्यक्षात वाढीव संरक्षण मिळालं सुमारे १९ महिने.

आता वर्षाला ६,००० किलोमीटर चालवणारा माणूस घ्या. ५ वर्षांनी त्याच्या मीटरवर ३०,००० असतील. त्याला पूर्ण २ वर्षं वाढीव संरक्षण मिळालं, पण ते अशा गाडीवर, जिचं इंजिन आणि गिअरबॉक्स अजून नव्यासारखेच आहेत. रोज लांब पल्ला मारणाऱ्याची मुदत लवकर संपते आणि कमी चालवणाऱ्याच्या गाडीत मोठा बिघाड सहसा मुदतीत होतच नाही. मधला माणूस, म्हणजे दोन्ही कुंपणं साधारण एकाच वेळी गाठणारा, त्याला या करारातून सगळ्यात जास्त मिळतं.

गाडी कधी विकणार, तेही आत्ताच ठरवा. चौथ्या वर्षी बदलायची असेल तर सहाव्या-सातव्या वर्षाच्या संरक्षणाचे पैसे तुम्ही पुढच्या मालकासाठी भरताय. वॉरंटी त्याच्या नावावर करता येत असेल तर विकताना थोडा भाव जास्त मिळू शकतो. पण किती मिळेल हे त्या दिवसाच्या गिऱ्हाईकावर असतं, त्यावर आज हिशेब बांधू नका.

तपासा: "१,००,००० किलोमीटर" म्हणजे मीटरवरचे एकूण की मूळ वॉरंटी संपल्यानंतरचे जास्तीचे? कराराची तारीख मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते की आज सही केल्यापासून? आजपासून सुरू होत असेल, तर पहिली काही वर्षं तुम्ही फुकट मिळत असलेल्या गोष्टीचे पैसे भरताय.

## पायरी २: तुमच्या गाडीत महागडं काय आहे?

सगळ्या गाड्यांना एकच नियम लावता येत नाही. साधं पेट्रोल इंजिन, हाताने टाकायचे गिअर, टर्बो नाही, पडद्यावर फारसं काही नाही, अशा गाडीत वॉरंटीत बसणारं आणि खिशाला खड्डा पाडणारं फार कमी असतं. क्लच प्लेट जाईल, पण ती झिजणारी वस्तू, वॉरंटीत सहसा बसत नाही.

याउलट तुमच्या गाडीत पुढच्यापैकी काय काय आहे ते मोजा: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (त्यातही दोन क्लचचा किंवा पट्ट्यावर चालणारा), टर्बोचार्जर, डिझेलचे उच्च दाबाचे इंजेक्टर आणि पंप, विजेवर चालणारं स्टिअरिंग, सरकणारं काचेचं छत, मोठा टचस्क्रीन, पुढच्या काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमधले रडार, हवेचं सस्पेन्शन. यातले बरेच भाग उघडून दुरुस्त करत नाहीत, अख्खे बदलतात. दोन क्लचच्या गिअरबॉक्समधलं नियंत्रण युनिट गेलं की साधा गिअर बदलायला गाडी तयार होत नाही, आणि अनेकदा तो पूर्ण संचच बदलावा लागतो. यादीतले तीन-चार भाग तुमच्या गाडीत असतील तर पुढच्या पायऱ्या लक्ष देऊन वाचा. एकही नसेल तर उत्तर बहुधा "नको" आहे, तरी हिशेब करून बघा.

मॉडेलचं नाव आणि बिघाडाचं नाव घेऊन दोन स्वतंत्र मेकॅनिकना विचारा. "गाडी कशी आहे" असं मोघम विचारू नका. "८०,००० च्या पुढे या गाड्या तुमच्याकडे कशासाठी येतात?" असं विचारा. रोज तीच गाडी उघडणारा माणूस दोन वाक्यांत सांगून टाकतो.

विजेवरच्या गाड्यांचं थोडं वेगळं आहे. मोठ्या बॅटरीला मुळातच वेगळी, लांब वॉरंटी असते. ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आणि या काळात क्षमता ७० टक्क्यांच्या खाली जाणार नाही, अशी हमी बरेच उत्पादक देतात. त्यामुळे "बॅटरी गेली तर काय" या भीतीपोटी वाढीव वॉरंटी घेऊ नका. ती चार्जर, मोटर, एसी आणि इलेक्ट्रॉनिक्स यांना काय देते, एवढंच बघा.

## पायरी ३: वॉरंटी नेमकी देतंय कोण?

तीन प्रकार असतात. पहिला, गाडीच्या उत्पादकाची स्वतःची. दुसरा, विक्रेत्याची स्वतःची. तिसरा, बाहेरच्या कंपनीची. करारात "दायित्व कोणाचं" हे कलम शोधा आणि नाव वाचा. शोरूमच्या भिंतीवर उत्पादकाचं बोधचिन्ह असलं म्हणून कागदही उत्पादकाचाच असेल असं नाही.

उत्पादकाची वॉरंटी सहसा महाग असते, पण त्याच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चालते आणि दावा सुरळीत होतो. विक्रेत्याची वॉरंटी अनेकदा फक्त त्याच्याच दारात चालते. गाव बदललं किंवा त्याने धंदा बंद केला की कागद उरतो. बाहेरच्या कंपनीच्या बाबतीत तिच्या मागे एखादी विमा कंपनी उभी आहे का, हे लेखी बघा. नसेल तर स्वस्त दिसली तरी मी ती घेऊ नका म्हणेन.

## पायरी ४: करार मागून पुढे वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिल्या पानावर काय मिळतं ते असतं, शेवटच्या पानांवर काय मिळत नाही ते. शेवटापासून सुरुवात करा.

कराराची जात ओळखा. काही करारांत झाकलेल्या भागांची यादी असते. त्या यादीत नाव नाही, तर पैसे नाहीत. काहींमध्ये उलट, फक्त वगळलेल्या भागांची यादी असते आणि बाकी सगळं आत धरलेलं असतं. दुसरा प्रकार बराच चांगला. तिसरा फक्त इंजिन-गिअरबॉक्स-ॲक्सलपुरता असतो. तो स्वस्त असतो, पण आजकालच्या गाड्यांत बिघडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सला तो हातही लावत नाही.

एका करारातली ओळ मला अजून आठवते: "इंजिन: आतील, तेलाने वंगण होणारे सर्व भाग." वाचणाऱ्याला वाटतं, चला, अख्खं इंजिन आलं. पेन्सिल घेऊन मोजा. पिस्टन, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, ऑइल पंप आत. पाण्याचा पंप बाहेर, कारण तो तेलात नाही, कूलंटमध्ये म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात फिरतो. इंजेक्टर बाहेर. अल्टरनेटर, स्टार्टर, सगळे सेन्सर, इंजिनचा संगणक बाहेर. टर्बोला तेल मिळतं, पण तो इंजिनाच्या "आत" आहे का, यावर वाद घालत बसावं लागेल. म्हणजे जे क्वचित बिघडतं ते आत आणि जे नेहमी बिघडतं ते बाहेर. एका विशेषणाने एवढं होतं.

साखळी बिघाडाचं कलम. वॉरंटीत नसलेला भाग तुटला आणि त्याने वॉरंटीतला भाग बिघडवला, तर? टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात ठेवणारा पट्टा, झिजणारी वस्तू म्हणून सहसा वगळलेला असतो. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. व्हॉल्व्ह यादीत आहेत, पण कारण यादीबाहेरचं आहे. असा दावा मान्य होतो की नाही, हे लेखी विचारा.

पैशाच्या मर्यादा. प्रत्येक वेळी तुमच्या खिशातून किती जाणार? ते दर भेटीला की दर दुरुस्तीला? एका भेटीत तीन भाग बदलले तर हा फरक तिप्पट होतो. एका दाव्याची कमाल रक्कम किती, सगळ्या दाव्यांची मिळून किती? गाडीच्या त्या दिवशीच्या बाजारभावाची मर्यादा आहे का? जास्त चाललेल्या गाडीला भागांच्या किमतीत घसारा कापतात का? मजुरीचा दर ताशी किती धरतात? बिघाड शोधण्यासाठी उघडण्या-जोडण्याचा खर्च कोणाचा?

वापराच्या अटी. भाड्याने किंवा मालवाहतुकीसाठी वापर, शर्यत, बाहेरून बसवलेलं गॅस किट, इंजिनच्या संगणकात केलेले बदल, मोठी चाकं, बाहेरून जोडलेले दिवे आणि वायरिंग, यांपैकी काय केल्यावर करार रद्द होतो ते बघा. अख्खा करार रद्द होतो की फक्त त्या भागापुरता, हेही.

तपासा: तुम्हाला भीती वाटणारे चार बिघाड कागदावर लिहा. प्रत्येकाला करारातलं कलम आणि पान लावा. विक्रेत्याला तोच कागद मेल करून "हे झाकलं जातं का?" विचारा. तोंडी "हो हो, सगळं येतं" धरू नका. लेखी उत्तर आलं नाही, तर ते "नाही" समजा.

## पायरी ५: आता हिशेब

वॉरंटीची किंमत १०० धरा आणि बाकी सगळं त्या प्रमाणात मांडा. खालचे आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही मेकॅनिककडून घ्या.

- गिअरबॉक्स: खर्च ४००, मुदतीत जाण्याची शक्यता ५ टक्के, म्हणजे २०
- स्टिअरिंग: खर्च १५०, शक्यता ८ टक्के, म्हणजे १२
- एसी कॉम्प्रेसर: खर्च १२०, शक्यता १० टक्के, म्हणजे १२
- इलेक्ट्रॉनिक्स: खर्च १००, शक्यता १० टक्के, म्हणजे १०

बेरीज ५४. म्हणजे भरलेल्या १०० पैकी ५४ बिघाडाचे आणि ४६ निश्चिंतीचे. वॉरंटी विकणाऱ्याला दावे, पगार, कमिशन आणि नफा सगळं यातूनच काढायचं असतं, त्यामुळे बेरीज सहसा १०० च्या खालीच येणार. त्यात फसवणूक नाही, विम्याचंही असंच असतं.

म्हणून दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: यादीतला सगळ्यात मोठा खर्च, इथे ४००, उद्या सकाळी आला तर तो कर्ज न काढता देता येईल का? येत असेल तर वॉरंटी न घेणं बहुधा फायद्याचं. येत नसेल आणि त्या गाडीवर तुमचं रोजचं काम अवलंबून असेल, तर ४६ जास्त देणं शहाणपणाचं आहे, त्यात कमीपणा काही नाही. गुंतागुंतीच्या गाडीत शक्यता दुपटीने वाढल्या तर बेरीज १०८ वर जाते आणि मग विचार करायलाही फार उरत नाही.

नेहमीची चूक: वॉरंटीची रक्कम कर्जात मिळवणं. हप्ता थोडासाच वाढतो म्हणून कळत नाही, पण त्या रकमेवर कर्ज फिटेपर्यंत व्याज जातं. ते व्याज किमतीत धरूनच हिशेब करा.

## पायरी ६: कधी घ्यायची, आणि सही करण्याआधी काय विचारायचं

डिलिव्हरीच्या दिवशीच घ्यायला हवी, हे बहुतेक वेळा खरं नसतं. अनेक उत्पादक मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत कधीही घेऊ देतात, काही ठिकाणी उशिरा घेतल्यास दर वाढतो किंवा तपासणी करावी लागते. शेवटची तारीख आणि वाढीव दर लेखी घ्या. वर्ष-दोन वर्षं गाडी चालवल्यावर तुम्हाला तिचा स्वभाव आणि स्वतःचे किलोमीटर दोन्ही कळलेले असतात. दरवाढ फार नसेल तर मी थांबायच्या बाजूने आहे.

विचारायचं ते असं: सही केल्यावर किती दिवसांत पूर्ण पैसे परत मिळतात? मध्येच रद्द केली तर उरलेल्या मुदतीचे मिळतात का? गाडी विकली किंवा अपघातात निकालात निघाली तर? नाव बदलायला किती दिवसांची मुदत, किती फी? किंमत कमी होते का, हेही विचारा. यात विक्रेत्याचं कमिशन असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी जागा असते.

## पायरी ७: घेतलीत तर ती जिवंत ठेवा

सर्व्हिसिंग वेळेत. इथेही वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी होईल ते. गाडी फारशी चालली नाही म्हणून वार्षिक सर्व्हिस टाळणारे इथेच अडकतात. पावतीवर तारीख, मीटर, गाडीचा चासी नंबर आणि तेलाचा दर्जा असलाच पाहिजे. नुसतं "ऑइल बदललं" लिहिलेली पावती पुरावा म्हणून कच्ची. छपाई उडते, म्हणून प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

मंजुरीआधी उघडू नका. बिघाड झाला की आधी फोन, दाव्याचा क्रमांक, मग दुरुस्ती. ओळखीच्या मेकॅनिकने चांगुलपणाने गिअरबॉक्स उतरवून ठेवला, तर तपासायला आलेल्या माणसाला मूळ अवस्था दिसत नाही आणि दावा तिथेच पडतो. काढलेला भागही मंजुरी येईपर्यंत फेकू देऊ नका.

लाल दिवा लागला की थांबा. माझ्या मामाच्या गाडीचा कूलंटचा रबरी पाइप फुटला. पाइप किरकोळ किमतीचा. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेलेला त्यांना दिसला होता, पण घर आठ किलोमीटरवर होतं, म्हणून ते हळूहळू येत राहिले. हेड गॅस्केट गेलं, ॲल्युमिनियमचं हेड वाकलं. वॉरंटी चालू होती, दावा नाकारला गेला. कारण लिहिलं होतं, इशारा मिळूनही गाडी चालवली. मी तो करार नंतर वाचला, कलम होतं. मामांना त्याबद्दल कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा दिसला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टो गाडी बोलवा.

## जुनी गाडी घेताय?

क्रम तोच, फक्त दोन गोष्टी आधी. वापरलेल्या गाडीच्या वॉरंटीत सहसा सुरुवातीचे काही दिवस दावा करता येत नाही आणि आधीपासून असलेला दोष झाकला जात नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी स्वतंत्र मेकॅनिककडून लेखी तपासणी करून घ्या. "तेव्हा हा दोष नव्हता" हे सांगायला तोच कागद कामी येतो. मेकॅनिकला स्कॅनर लावायला सांगा. जुने एरर कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसतात, आणि ते का पुसले हे विक्रेत्याला विचारायलाच हवं. पावत्यांवरचे मीटरचे आकडे तारखेनुसार ओळीने लावा. एखादा आकडा मागे गेलेला दिसला तर ती गाडीच नको.

## नाही घेतलीत तर

वॉरंटीची रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि दर महिन्याला त्यात थोडी भर घाला. न बिघडता मुदत सरली तर पैसे तुमचेच, बिघडलं तर हिशेबातल्या चारही बिघाडांना ते वापरता येतात, झिजलेल्या क्लच प्लेटलासुद्धा. रोजच्या खर्चाच्या खात्यात मात्र ठेवू नका, ते उरत नाहीत.

मूळ वॉरंटी संपण्याच्या महिनाभर आधी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्या. थंड इंजिन सुरू करताना येणारा आवाज, दुसऱ्या गिअरला बसणारा हिसका, एसीचा कमी झालेला गारवा, दाराच्या काचेची कुरकुर, जे जे जाणवतं ते सगळं जॉब कार्डवर लिहून घ्या आणि सही-शिक्क्याची प्रत घेऊनच बाहेर पडा. मुदतीत नोंदवलेली तक्रार नंतर वाढली तर तिचा पाठपुरावा करता येतो. तोंडी सांगितलेली मात्र पुढच्या महिन्यात कुणालाच आठवत नाही.